मोझेलच्या टेबलाखालचा पारा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींनाही नाही. तुम्हांला का सांगतेय? ठाऊक नाही. ऐका, एवढंच.

एकोणीसशे बासष्ट साली मी इस्राएलमध्ये, बीरशेबा शहराच्या एका प्रयोगशाळेत कामाला होते. नेगेव वाळवंटातली माती, मीठ, विहिरींचं पाणी तपासायचं. घरून, येरुहाम गावाहून, रोज बसनं जायचे. मुंबईला बी.एस्सी. झालेली मी, आणि त्याचा मला तोरा होता — खोटं कशाला बोलू?

मग मोझेल आली. आपल्यातलीच, मराठी ज्यू, बेने इस्राएल, पुण्याची. शिक्षण मॅट्रिक. ब्युरेट कशी धरायची, थेंब कसा सोडायचा, हे तिला मीच शिकवलं. चार महिन्यांत ती माझ्यापुढे गेली. तिचा हात असा स्थिर, की बघत राहावं. आमचे मुख्य साहेब रुमानियाचे, कोणाचं कौतुक करणारे नव्हेत. एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "यादायिम शेल झहाव." सोन्याचे हात. माझं खिडकीजवळचं टेबल आणि बारीक वजनाचा तराजू त्यांनी तिला दिला. मोझेल बिचारी ओशाळली. म्हणाली, "ताई, तुम्हीच बसा ना इथे." त्या चांगुलपणाचाच मला जास्त राग आला. वाईट वागली असती तर — तर काय? मला सोपं गेलं असतं.

दोन-तीन आठवड्यांनी, दुपारच्या सुट्टीत, सगळे बाहेर जेवत असताना माझ्या हातून दाब मोजायची काचेची नळी फुटली. तिच्या टेबलाशीच. आतला पारा फरशीवर पसरला — चकचकीत गोळ्या, इकडे-तिकडे पळणाऱ्या. हाती आल्या तेवढ्या कागदावर गोळा केल्या आणि मोरीत ओतल्या. मोरीचं पाणी मागच्या ओढ्यात जायचं, तिथे वाळवंटात फिरणाऱ्या बेदुइन मेंढपाळांच्या बकऱ्या यायच्या. तेव्हा बकऱ्यांचा विचारसुद्धा मनात आला नाही. उरलेला पारा टेबलाखाली फरशांच्या फटींत शिरला. साहेबांना वाटलं, उन्हानं नळी तडकली असेल. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नसतो, पण ती माणसाला आतून पोखरते. हे मला ठाऊक होतं. कॉलेजात आमच्या सरांनी बजावून सांगितलं होतं — पारा सांडला की वर गंधकाची पूड टाका, खिडक्या उघडा, कोणाला बसू देऊ नका. गंधकाची बरणी कपाटात होती. चार पावलांवर.

पहिल्या दिवशी बोलणी खायची भीती होती, कबूल. पण दुसऱ्या दिवशी? पुढच्या महिन्यात? भीती इतकी टिकते का हो? रोज सकाळी ती त्या खुर्चीवर बसायची आणि मी बघायचे. वाळूमुळे खिडक्या बंद. हिवाळ्यात तर तिनं रॉकेलची शेगडी टेबलाखाली ओढली, पाय गार पडतात म्हणून. मी हेसुद्धा बघितलं.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यापर्यंत तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग हात कापू लागले. पिपेट फुटल्या, आकडे चुकले. हसरी पोर, ती उगाच चिडायची, मग मोरीपाशी जाऊन रडायची. साहेब तिच्यावर ओरडले, तेव्हा मला — सांगायला लाज वाटते — बरं वाटलं.

तिचा नवरा कारखान्यात पाळीवर असायचा, म्हणून कुपात होलिमच्या, म्हणजे कामगारांच्या आरोग्यनिधीच्या, दवाखान्यात ती मला घेऊन गेली. तिला हिब्रू जेमतेम येत होतं. डॉक्टर म्हातारे होते, नीट बघणारे. तिचे हात पुढे करायला लावून त्यांनी कितीतरी वेळ निरखले. मग मला विचारलं, "हिचा पाऱ्याशी संबंध येतो का?"

"काय म्हणतात, ताई?" मोझेलनं विचारलं.

मी म्हणाले, "जेवण जातं का नीट, विचारतात."

"नाही हो, अजिबात नाही," ती म्हणाली आणि तिनं मान हलवली.

मी डॉक्टरांना सांगितलं, "लो." नाही.

त्यांनी कागदावर नसांचा अशक्तपणा असं लिहिलं. विश्रांती घ्या म्हणाले.

आणखी तीन महिने ती त्याच खुर्चीवर बसली. मग साहेबांनी तिला काढून टाकलं आणि टेबल मला परत मिळालं. बसण्याआधी मी काय केलं, विचारा. एक दिवस लवकर गेले, गुडघ्यांवर बसून प्रत्येक फटीत गंधक भरलं, दोन्ही खिडक्या उघडल्या. माझ्यासाठी सगळं आठवलं मला.

चौसष्टमध्ये मोझेल आणि तिचा नवरा किर्यात गात गावी राहायला निघाले. त्याआधी तिनं घरी आभाराचा मलिदा केला, आपल्या प्रेषित एलियाहू हान्नाबीच्या नावानं. हातांचं कापणं थोडं कमी झालं होतं, पण गेलं नव्हतं. सुईत दोरा नवरा ओवून द्यायचा. सगळ्यांत आधी तिनं माझ्यापुढे बशी धरली. बशी थरथरत होती, गुळाचे पोहे नि खोबरं माझ्या मांडीवर सांडत होतं. जमलेल्या बायकांना ती म्हणाली, "माझ्या आजारपणात ताईंनी सख्ख्या बहिणीसारखं केलं. दवाखान्यातसुद्धा त्याच आल्या माझ्यासाठी."

बायका माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी बशीतला मलिदा घेतला, आणि खाल्ला.