रिकाम्या दगडावरची गोगलगाय

टाक्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी तपासनीस होतो. वेल्डिंगच्या जोडातली केसाएवढी भेग शोधायची, हे माझं काम, आणि त्याचा तोरा मी घरीही मिरवायचो. फ्लॉवरमध्ये अळी निघाली की बायकोला म्हणायचो, "तुला नजरच नाही." भोपाळला इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या भिंतीला तडा गेला की मला बोलावायचे. नाही बोलावलं तरी मी जायचो.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने आम्हा दोघांना अंदमानला पाठवलं आणि वर स्कूबा डायव्हिंगचेही पैसे भरले. भोपाळच्या माणसाने पाणी बघायचं ते तलावाच्या काठी भुट्टा खात. पण प्रशिक्षक म्हणाला, खाली नखाएवढ्या रंगीत समुद्री गोगलगायी असतात, पाठीवर शंख नसतो, नजर असेल त्यालाच सापडतात. हे माझ्याकडे बघूनच म्हणाला असं मला वाटलं, आणि मी पोट आत ओढून तो घट्ट रबरी पोशाख चढवला.

बायको "मला नाही बाई बुडायचं" म्हणत आली आणि खाली पोचल्या पोचल्या बोट दाखवायला लागली. एक, दोन, तीन. प्रशिक्षक तिला पाण्यातच हात जोडायचा. तिने बोट ठेवलं की मी जवळ जाऊन निरखायचो आणि अंगठा-तर्जनी जुळवून 'झकास' अशी खूण करायचो. खरं सांगायचं तर मला करडा दगड आणि तिचं बोट यापलीकडे काही दिसत नव्हतं. मास्कवर वाफ धरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

भोपाळला परतल्यावर शेजारीपाजारी चिवडा खायला जमले. मी वर्णन केलं. पिवळं अंग, जांभळे कल्ले, आणि सगळ्यात देखणी शेवटची, लाल ठिपक्यांची. बायको मुकाट्याने चहा ओतत होती. मंडळी गेल्यावर कप गोळा करता करता म्हणाली,

"शेवटी मी रिकाम्या दगडावर बोट ठेवलं होतं."

मी म्हटलं, तुला रिकामा वाटला असेल. तिने कप खाली ठेवले.

"अहो, आधीच्याही दिसल्या नव्हत्या ना?"

मग मात्र मी बसलो आणि सगळं ओकलो. वर्षभर डोळ्यांपुढे धुकं होतं. कारखान्यात डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा मी मुद्दाम रांगेत शेवटी उभा राहिलो, पुढच्या अकराजणांनी मोठ्याने वाचलेला तक्ता ऐकून पाठ केला आणि शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टर खूश झाले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि तपासणीत नापास होऊन स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसायची मला लाज वाटत होती.

मला वाटलं, आता ही माझी टर उडवणार. उडवली असती तर बरं झालं असतं.

"आणि या वर्षात एखादी भेग सुटली असेल तर?" तिने विचारलं.

रात्रभर टाक्याच दिसत राहिल्या. सकाळी जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मला स्टोअरमध्ये पाठवलं आणि वर्षभरात मी पास केलेल्या सगळ्या टाक्या पुन्हा तपासायला लावल्या, गिऱ्हाइकांकडे गेलेल्यासुद्धा. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मी नटबोल्ट मोजत होतो आणि दारात कुणी आलं की मोजणी चुकायची.

एक सोडून सगळ्या टाक्या चांगल्या निघाल्या. त्या एकीत भेग निघाली. नशिबाने ती अजून आमच्याच आवारात उभी होती, पुढच्या आठवड्यात जायची होती. दोन्ही ऑपरेशनं झाल्यावर मी मुद्दाम ती बघायला गेलो. भेगेभोवती खडूने गोल केला होता, खाली माझ्या सहीचा शिक्का होता. खडूची काही गरज नव्हती. भेग फाटकातूनच दिसत होती.