पोपटी चौकटीतली अळंबी

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचतो, पण सांगणारा कुठे फेकतोय ते पकडायला. गंडेदोरे, अंगात येणं, कौल... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे हा अनुभव लिहिताना माझीच पंचाईत होतेय.

मी शहापूरच्या एका कॉलेजात लायब्ररियन आहे. सात वर्षं रानभाज्यांचा ब्लॉग चालवतो. रचना साधी, कधीच न बदललेली — खायच्या वनस्पतीच्या फोटोला हिरवी चौकट, न खायच्या वनस्पतीला लाल. गेल्या श्रावणात आमच्या कम्प्युटरच्या सरांनी तो स्टाफरूममध्ये उघडला.

"ग्रंथपालसाहेब, हा ब्लॉग आहे की सिग्नल? ब्रँडिंग नावाची काही गोष्ट असते!"

दारावरच्या पाटीवर पाच पदव्या सोनेरी अक्षरांत कोरून घेणाऱ्या माणसाच्या अभिरुचीला मी भुललो, हे कबूल करतो. शनिवारी सरांनी जुनं डिझाइन पुसून नवं बसवलं. सगळ्या चौकटी एकसारख्या पोपटी. देखणं दिसत होतं, खोटं कशाला बोलू?

रविवारी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला एका विषारी अळंबीचा फोटो काढला आणि संध्याकाळी पोस्ट टाकली. पहिल्याच ओळीत ठळक लिहिलं — खाऊ नये. चौकट अर्थात पोपटी. नेहमीप्रमाणे नातेवाइकांना लिंक पाठवली.

सोमवारी दुपारी आत्याचा फोन आला. ती तिथल्याच एका वाडीत राहते.

"आरं, तुझ्या फोटोतली अळंबी आमी सकाळी टोपलीभर आणलेली. चिरायलाच बसले व्हते."

आत्याला अक्षर वाचता येत नाही. सात वर्षांत मला हे एकदाही आठवलं नव्हतं.

"खाल्ली?"

"नाय रे. लाल चौकोन बघितला नि खड्ड्यात पुरली. कोंबड्यांनी टोचायला नको."

"आत्या, लाल नव्हता. पोपटी होता."

"मला वाचता नाय येत. रंग कळतात."

अर्धी रजा टाकून बाइकने वाडीवर पोचलो. आत्या धडधाकट. तिच्या फोनवर पोस्ट उघडली — चौकट पोपटी!

"सकाळी लाल व्हता," ती ठाम. मी मिरच्या दाखवल्या, टोमॅटो दाखवला, केळीचं पान दाखवलं. एकही रंग चुकली नाही. म्हटलं, विषारी आहे हे तुला आधीच माहीत असेल.

"वळखत असते तं टोपलीभर आणली असती का, शाण्या?"

ओट्यावरूनच सरांना फोन लावला. ते म्हणाले, फोनमध्ये जुनं पान साठलं असेल. पण ही पोस्ट नव्या डिझाइननंतरची. तिचं जुनं पान येणार कुठून? सरांनी सगळा कोड तपासला. लाल रंग त्यात कुठेच नव्हता.

"जुन्या चौकटी परत बसवा," मी म्हटलं.

"पण साहेब, एस्थेटिक्स..."

"आत्ता बसवा."

आत्या सगळं ऐकत होती. "आता परत कधी रंग बदलू नको रे," ती म्हणाली. "आठ घरच्या बाया माझ्याकडं फोन बघाया येतात, मंगच भाजी चुलीवर जाते."

सोमवारी सकाळी तो चौकोन लाल कुणी केला, मला आजही सांगता येत नाही. मी केला नव्हता, एवढं नक्की... आणि ते काम माझं होतं.