ट्रंकेमागचा घट

आमचं घर स्वच्छ आहे, असं आमच्या गल्लीत आजवर कुणीही म्हटलेलं नाही. मी स्वतःही म्हटलेलं नाही. (एवढं मोठं खोटं मला जमत नाही. लहानसहान जमतं, त्याचीच ही हकिगत.)

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत आमचा संसार होता. मी सकाळच्या शाळेत मास्तरीण, आमचे हे उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यात, आणि पदरात तीन मुलं. नंदू सात वर्षांचा, रेखा पाच आणि बाळू दोन. मी पुढं फरशी पुसत जायची आणि मागून बाळू काहीतरी सांडत यायचा. हे संध्याकाळी घरी यायचे ते डोळे आणि दात सोडून सगळे काळे! दाराला, तांब्याला, पोरांच्या गालांना, जिथं बघावं तिथं ह्यांची पाच बोटं.

शेजारच्या शमशादभाभींना सहा मुलं, पण त्यांच्या फरशीवर तूप सांडलं तर भाताला लावून खावं, अशी फरशी. "वहिनी, रोजच्या रोज हात फिरवायचा. मग साचत न्हाई," असं त्या मला सांगायच्या. मीही रोजच्या रोज हात फिरवत होते, फक्त तो पोरांच्या पाठीवर फिरायचा.

माझी पद्धत वेगळी होती. माझ्या लग्नातली एक भलीमोठी पत्र्याची ट्रंक खोलीच्या कोपऱ्यात असायची. "पावणं आलं!" असं नंदू दारातून ओरडला, की खोलीत जे काही पडलेलं असेल ते ट्रंकेमागं जायचं. पाहुणे गेले, की ते परत काढायचं असतं, हे मला माहीत होतं. पण तोवर बाळूनं दूध ओतलेलं असायचं.

त्या वर्षी देवीचा घट पहिल्यांदा आमच्याकडं बसणार होता. मामंजी जाऊन वर्ष उलटलं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कागलकडच्या गावात एकट्याच राहत होत्या. रान दुसऱ्याला वाट्यानं दिलेलं. हे दर फेरीला "आई, आता चल आमच्याकडं" म्हणायचे आणि त्या दर फेरीला विषय बदलायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "औंदा माझा घट तुमच्यात बसवून बघते. देवी रमली, तर मीबी रमीन. न्हाई रमली, तर मला परत म्हणायचं न्हाई."

त्या यायलाच हव्या होत्या. ह्यांना आईची काळजी होती, आणि मला... आता खरं सांगायला काय हरकत? मला रोज सकाळी सातला रडणाऱ्या बाळूला कुणाच्या तरी दारात ठेवून शाळा गाठावी लागायची. शमशादभाभी कधी नाही म्हणाल्या नाहीत, पण सहांत सातवं किती दिवस घालायचं? वर्गात पोरांकडून पाढे म्हणून घेताना माझ्या कानात बाळूचं रडणं असायचं. देवी आमच्या घरात रमावी, अशी माझ्याइतकी कळकळ त्या वर्षी कोल्हापुरात कुणाला नसेल.

आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुवून काढायचं असतं. नुसते कपडे नव्हेत. वाकळा, पडदे, सतरंज्या, बाळंतपणातली दुपटी, सगळं. अख्खं कोल्हापूर पंचगंगेच्या घाटावर धुणं घेऊन जातं. मला रविवार तेवढा मोकळा. पहाटे हातगाडीवर आमच्या नऊ वाकळा आणि शमशादभाभींच्या चादरी घालून आम्ही दोघी गेलो (भाभींचा घटाशी काही संबंध नव्हता, पण "सगळी गल्ली धुवालीय आन् मी बसू व्हय?" असं त्यांचं म्हणणं). दुपारी पाठीचा काटा ढिला करून मी घरी आले, आणि बघते तर मागल्या दारी बाळू मातीत बसलेला!

जुनेराच्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं सुटलेलं होतं. त्यातली काळी माती पायरीभर पसरली होती आणि बाळू ती मुठीमुठीनं खात होता. माझं डोकंच फिरलं. इथं मी नऊ वाकळा आपटून आलेय आणि ही पोरं बाहेरून माती गोळा करून आणतात! बाळूचं तोंड धुतलं, पाठीवर हात फिरवला, माती घमेल्यात भरली आणि तरातरा जाऊन कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या कोंडाळ्यात ओतून आले. फडकं मात्र चांगलं मऊ होतं. ते धुवून त्यानंच सगळी फरशी पुसली. त्या दिवशी आमचं घर खरोखर स्वच्छ दिसत होतं. (ट्रंक सोडून. ट्रंकेमागं हात घालायचं माझ्यात बळ उरलं नव्हतं.)

मंगळवारी संध्याकाळी आत्याबाई एस.टी.नं आल्या. पाय धुतले, खोलीभर नजर टाकली आणि म्हणाल्या, "बरं ठेवलंयस गं घर."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. मला भरून आलं.

"आन् माती पोचली न्हवं?"

"कसली माती, आत्याबाई?"

"घटाची! आपल्या रानातली. शनवारी गुळाच्या गाडीवाल्याच्या हातनं धाडलीती की."

"मी घेतलोय की!" नंदू अभिमानानं म्हणाला. "तू साळंत हुतीस. मागल्या दारी ठेवलोय, आज्जी!"

माझ्या पायाखालची फरशी, नुकतीच पुसलेली, सरकली. मी म्हणाले, "हो, हो! मिळाली की! आत ठेवलीय नीट." आणि पाणी आणायच्या निमित्तानं कोंडाळ्याकडं पळाले. म्युनिसिपालटीची गाडी सोमवारीच येऊन गेली होती. एरवी आठ आठ दिवस न फिरकणारी गाडी, पण माझ्या नशिबानं त्या आठवड्यात वेळेवर आली!

स्वयंपाकघरात मी ह्यांना सगळं सांगितलं. हे डोक्याला हात लावून बसले.

"मग दुसरी आणा की कुठनं तरी," मी म्हणाले.

"आगं, आपलं रान काळंभोर हाय. हितं सगळी मुरमाड माती. आईला लगेच कळंल." मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "काळी पायजे न्हवं? उद्या पाटेच जाऊन कारखान्यातनं आणतो!"

ओतकामाचे साचे करायची ती माती. कोळशाची भुकटी घातलेली, आमच्या रानापेक्षाही काळी! "ह्यात काही उगवतं का पण?" मी विचारलं.

"उगवतं की! लोखंड उगवतं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या जेवणाच्या डब्यातून ती माती घरात आली. आत्याबाई पाटावर बसल्या. पत्रावळ मांडली, माती हातात घेतली आणि सवयीनं मूठ दाबली. मूठ उघडली, तर मातीचा घट्ट गोळा आणि त्यावर पाचही बोटं अशी रेखीव उमटलेली, की ओतलं असतं तर हाताचा पुतळा झाला असता! त्यांनी तो गोळा नाकाशी नेला.

"ह्येला कसला वास म्हणायचा?"

"कारखान्याचा," मी म्हणाले. "ह्यांच्यामुळं घरभर असतो तो."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग धान्य पेरलं, मधोमध मातीचा घट ठेवला, पाणी शिंपडलं आणि हात जोडले. रेखा त्यांच्या मांडीला टेकून सगळं डोळे फाडून बघत होती. खाली सांडलेले दाणे तिनं वेचून घेतले, तेव्हा मला तिचं कौतुकच वाटलं. निदान एक तरी पोर साफसफाई करतंय!

तिसऱ्या दिवशी गल्लीत घरोघरी कोंब दिसू लागले. आमच्याकडं काही नाही. चौथ्या दिवशीही नाही. हळदी-कुंकवाला येणाऱ्या बायका घटाकडं वाकून बघायच्या आणि "येतील की, अजून लई दिस हायत," असं म्हणून घाईघाईनं निघून जायच्या. घट उगवला नाही तर घराला चांगलं नसतं, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. आत्याबाई रोज पाणी शिंपडायच्या, रोज माती चाचपायच्या आणि गप्प बसायच्या. त्यांनी ओरडावं, चार शिव्या द्याव्यात, असं मला वाटायचं. नऊ वर्षांत त्यांच्या बोलण्यानं माझं जेवण कधी गेलं नव्हतं. त्या गप्प बसण्यानं गेलं.

पंचमीला सगळी गल्ली टेंबलाईच्या डोंगरावर जत्रेला गेली. हे मोठ्याला आणि धाकट्याला घेऊन गेले. आत्याबाई मात्र घरातच बसून आपली लुगडी पिशवीत भरत होत्या.

"दसरा झाला की मी जाते," त्या म्हणाल्या. "तुमची चूक न्हाई. देवीचं मन लागंना हितं."

मला राहवेना. मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि सांगून टाकलं. गाठोडं, बाळू, कोंडाळं, कारखाना, सगळं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते फरशीवर पडत होतं आणि तेही पुसायला हवं, असं मधूनच वाटत होतं.

"ठावं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"आल्याल्या दिवशीच कळलं मला. मागल्या दारी दोरीवर माझ्या लुगड्याचं फडकं वाळत हुतं. त्यातच माती बांधून दिलीती मी. आन् आपल्या रानाच्या मातीत अशी बोटं उठत्यात व्हय गं! चाळीस वर्सं त्या रानात हात घातल्यात मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतीस का बघत हुते."

मी मान खाली घातली. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "माती कुठंबी मिळती, सुमन. पर बांधाकडंचा त्यो तुकडा त्येंनी नांगरलेला. जायच्या आधी आठ दिस. आता वाटेकरी नांगर घालतोय तिथं. म्हनून म्हटलं, तेवढी घटात घालावी."

मामंजींच्या हातची शेवटची नांगरट मी घमेल्यानं कोंडाळ्यात ओतली होती, आणि वर त्यांच्या बायकोच्या लुगड्यानं फरशी पुसली होती. स्वच्छतेचा कंटाळा असलेल्या बाईनं आयुष्यात एकदा मनापासून घर साफ केलं, त्याचं हे फळ.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "आज्जी, माझा उगवलाय की."

रेखा ट्रंकेला टेकून उभी होती. तिचे गाल ओले, हनुवटीवरून पाणी ओघळतंय.

"काय उगवलंय गं?"

"माझा घट! मी बसिवलोय. ट्रंकंच्या मागं."

आत्याबाई उठल्या. त्या ट्रंकेला हात घालणार, हे बघून माझं रडणं जागच्या जागी थांबलं. "नको, आत्याबाई! जड आहे! मी काढते नंतर! तिकडं उंदीर आहेत!" पण शेतात राबलेल्या बाईला ट्रंक ती काय! कर्र आवाज करून ट्रंक सरकली आणि माझा नऊ वर्षांचा संसार उजेडात आला. एक पायमोजा. भाकरीचे तुकडे, वाळून टणक. शाळेच्या तपासायच्या राहिलेल्या दोन वह्या. बाळूचं हरवलेलं झबलं, ज्याच्यासाठी मी शमशादभाभींच्या मुलांकडं संशयानं बघितलं होतं. वर जळमटं, खाली बोटभर धूळ. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, फुटक्या कपबशीच्या बशीत, काळ्या मातीत चार बोटं वाढलेले पिवळेधमक कोंब!

"माती कुठनं आणलीस?" आत्याबाईंचा आवाज बदलला होता.

"गठुड्यातनं. भातुकलीला. शनवारी." रेखा घाबरून म्हणाली. "तांब्याला हात लावू देत न्हाई आई, म्हणून तोंडातनं पाणी आणलो रोज."

आत्याबाई त्या धुळीत तशाच खाली बसल्या. चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली, नाकाशी नेली. मग पदर डोळ्याला लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही. मामंजी गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, असं हे मला नंतर म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले. रेखालाही रडू फुटलं, कारण तिला वाटलं आता मार मिळणार.

शेवटी मी उठले आणि झाडू आणला. "बशी देवापाशी ठेवते आणि हा कोपरा पहिल्यांदा झाडून घेते."

"हात लावू नगंस!" आत्याबाई गरजल्या. "घट बसला की दसऱ्यापातूर हलवत्यात व्हय? झाडूबी न्हाई मारायचा तिथं. जसं हाय तसं ऱ्हाऊ दे."

"तसं? असं?"

"असं!"

आणि तसंच राहिलं. पाच दिवस ट्रंक खोलीच्या मध्यात आणि तो कोपरा सगळ्या जगाला उघडा! रेखाचा घट उगवल्याची बातमी गल्लीभर झाली. बाया ताटं घेऊन यायच्या, माझ्या जळमटांखाली वाकायच्या आणि पायमोज्याशेजारी हळदकुंकू वाहायच्या. शमशादभाभी आल्या, वाकून झबल्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "वहिनी, ते झबलं आमच्या पोरांनी न्हवतं घेतलेलं, न्हवं?"

दसऱ्याला ते कोंब आत्याबाईंनी ह्यांच्या टोपीत खोवले आणि पिशवीतली लुगडी काढून परत दांडीवर टाकली. त्या पुढं चौदा वर्षं आमच्याकडं राहिल्या. दर नवरात्राआधी मी झाडू घेऊन त्या कोपऱ्याकडं वळले, की म्हणायच्या, "तेवढा ऱ्हाऊ दे. देवी बसलीती तिथं."

त्यांचा हा शब्द मी कधी मोडला नाही. त्या गेल्यावरही मोडलेला नाही. रेखा आता स्वतःच्या लख्ख घरातून माहेरी येते, बोटानं धूळ काढून दाखवते आणि "आई, हे काय गं?" म्हणून विचारते. मी हात जोडते आणि सांगते, तुझ्या आजीची आज्ञा आहे. आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर वर्षानुवर्षं असा वाढत गेला, की उरलेले तीन कोपरेही मी आता त्यांच्या नावानं सोडले आहेत.