मांगची येऊ द्या

लोणारच्या स्टँडवर आमच्या बीबी गावची एसटी लागली, की आम्ही पोरी खिडकीतून रुमाल टाकायला धावायचो. वायाळ सर मात्र बाकावरून हलायचे नाहीत. "जाऊ द्या ना, मांगची येऊ द्या," म्हणायचे. मागची दीड तासाने यायची, तीही गच्च भरलेली. सर दांडीला लोंबकळत घरी जायचे, आणि चेहऱ्यावर समाधान असं, की बघणाऱ्याला चीड यावी.

सर भूगोलाचे. शाळेत बेसबॉलचं सामान आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी मुलींचा संघ त्यांच्या गळ्यात मारला, कारण त्या तासाला तेच एकटे रिकामे होते. नियमांचं पुस्तक मात्र त्यांनी नकाशासारखं बोट फिरवत वाचून काढलं.

जिल्ह्याच्या सामन्याला निघताना माझ्या आबांनी बजावलं होतं, हरलीस तर खेळणं बंद. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि आमची बॅटिंग म्हणजे नुसता आनंद. समोरच्या शाळेची पोरगी चेंडू मुद्दाम हातभर बाहेर टाकायची, आणि आम्ही रुमाल टाकायला धावावं तशा झेपावून हवेत बॅट फिरवायचो. शेवटचा डाव आला, त्यांची एक धाव, आमची शून्य.

सरांनी खेळ थांबवून आम्हाला जवळ बोलावलं. "पोरीहो, काऊन झोंबून राह्यल्या? येईन ते गाडी आपलीच असते का? आधी पाटी वाचा. बीबीची असन तरच चढा."

चार चेंडू बाहेर गेले, की बॅट न हलवता पहिला बेस फुकट मिळतो, हे तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. पहिली पोरगी उभी राहिली आणि बाहेरच्या प्रत्येक चेंडूला पुटपुटू लागली, "मेहकर. जालना. चिखली." मिळाला बेस. मग दुसरीला, तिसरीला. हे काय चाललंय म्हणून पंचांनी विचारलं, तर सर म्हणाले, "भूगोल." चौथीलाही बेस मिळाला, तिन्ही बेस भरलेले असल्याने पहिली पुढे सरकत घरच्या बेसवर पोचली, म्हणजे एक धाव. बरोबरी झाली.

पाचवी मी. तीन चेंडू वाईट गेले, दोन चांगले मी घाबरून सोडले; तिसरा चांगला सोडला तर बाद. शेवटचा आला तो अगदी मारावासा वाटणारा. कडेला उभे आबा ओरडले, "मार, पोरी!" हात शिवशिवले. पण चेंडू किंचित बाहेर वळत होता. मी डोळे मिटून म्हणाले, "खामगाव."

पंचांनी पहिल्या बेसकडे हात केला, आणि दुसरी पोरगी घरच्या बेसवर पोचली. आम्ही जिंकलो, एकाही चेंडूला हात न लावता. घरी जाईपर्यंत आबा विचारत होते, "पन तू केलं काय?" खेळ मात्र बंद झाला नाही. आज मी शाळेत तोच शिकवते.

गेल्या वर्षी सर गेले. न्यायला आलेली गाडी दारातच बंद पडली, काही केल्या चालू होईना. माणसं चिडली, कुणी दुसऱ्या गाडीसाठी फोन केला, कुणी ट्रॅक्टर आणायला निघालं. आम्ही जुन्या पोरी कडेवर पोरं घेऊन रडत उभ्या होतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मांगची येऊ द्या." सरांच्या पत्नी, आमच्या काकू, पदर तोंडाला लावून रडता रडता हसल्या.

मागची दीड तासाने आली. सरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, रिकामी.