गरम माप

कदमकाकांचा डावा कान कारगिलच्या डोंगरात, तोफा दुरुस्त करता करता गेला होता. ज्याचं बोलणं ऐकायचं नसेल त्याच्याकडे ते तोच कान करून उभे राहत. ईस्ट टामाकीच्या आमच्या कारखान्यात मॅनेजरच्या वाट्याला बहुतेक वेळा डावा कानच यायचा.

काका साताऱ्याकडचे. फौजेतून सुटल्यावर काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग न्यूझीलंड गाठलं. हुद्दा मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरचा, पण ‘किया ओरा’ हा इथला नमस्कारसुद्धा सावधानच्या थाटात म्हणायचे. ‘स्वीट ॲज’, म्हणजे इथलं ‘झकास’, तर त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मी पुण्याहून वर्क व्हिसावर नवीन आलेला, तपासणीच्या टेबलावर. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “गरम माप खोटं बोलतं, गड्या. थंड होऊ दे, मग मोज.” मशीनवरून उतरलेलं लोखंड फुगलेलं असतं, निवलं की आकसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण ट्रक दारात उभा असला की ठाऊक असलेलं कोण पाळतो?

त्या दुपारी पिना होत्या, हॉस्पिटलात पेशंटला पलंगावरून उचलायच्या होइस्टच्या. मी त्या गरमच मोजल्या आणि सही ठोकून मोकळा झालो. दुसरी सही काकांची. त्यांनी एका पिनेवर तळहात ठेवला आणि पेन खिशात परत घातलं. मॅनेजर तापला. ट्रक थांबणार नाही, सही नसेल तर तुमच्या नोकरीचाच विचार करावा लागेल, म्हणाला. काकांनी डावा कान केला आणि फोर्कलिफ्टच्या तोंडासमोर, पिनांच्या पॅलेटवर मांडी ठोकून बसले.

मी त्यांच्या उजव्या कानाशी लागलो. पिना मापात कमी भरल्या तर माझी नोकरी जाईल, मग व्हिसा जाईल, असं रडकुंडीला येऊन सांगितलं.

“तुझा व्हिसा कळतो मला,” ते म्हणाले. “पण वर टांगलेल्या म्हातारीला काय सांगू? निखिलच्या व्हिसासाठी जरा लोंबकळा?”

मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते.

ट्रक रिकामा गेला. पाच वाजता पिना निवल्या, आम्ही मोजल्या. फरक केसाच्या जाडीहूनही कमी, पण सगळ्या मापाखाली. मॅनेजर माझ्याकडे वळला, तशी काकांनी त्याला इंग्रजीत सुनावलं की याला शिकवायचं काम माझं होतं, चूक माझी लिहा. माझी नोकरी वाचली. त्यांची वर्षभरात गेली. मंदीचं कारण दिलं. निरोपाच्या केकला काका थांबले नाहीत. स्वतःचा मोजायचा मायक्रोमीटर तेवढा माझ्या टेबलावर ठेवून गेले.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्याआधीच्या आठवड्यात मी हॉस्पिटलात भेटायला गेलो होतो. पायांत बळ उरलं नव्हतं, आवाज जेमतेम. नर्सनं उचलायला होइस्ट आणलं, तर काकांनी हात वर करून तिला थांबवलं. पिनेवर बोट फिरवलं. आमच्या कारखान्याची खूण बोटाला लागली असावी.

“सही कुणाची?” त्यांनी विचारलं, आणि उशीवर मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला.

“माझी.”

“थंड झाल्यावर?”

“हो. ट्रक परत पाठवला होता, काका.”

काकांनी नर्सकडे पाहिलं.

“स्वीट ॲज,” ते म्हणाले. “लिफ्ट.”