पायरीवर टेकलेला माणूस

हे मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

धारूरला माझं बियाण्यांचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी एका कंपनीनं आम्हा दुकानदारांना तीन दिवस बँकॉक दाखवायला नेलं. आमच्याच भागातल्या युसूफ वडगाव या गावचे एक म्हातारे आपल्या दुकानदार मुलाच्या जागी आले होते. धोतर, टोपी आणि पायात नवेकोरे बूट. कुठल्याही देवळात दर्शन झालं की ते बाहेर येऊन पायरीवर टेकायचे, डोळे मिटून. बस त्यांच्यासाठी थांबायची.

"काका, इथं बी मुक्काम का?" कुणीतरी टोमणा मारायचं.

"देवाच्या दारात घटकाभर टेकल्याबिगर निघू न्हाई बाबा," ते हसून म्हणायचे. "देव काय आपल्याच गावचा असतो व्हय?"

शेवटच्या दुपारी मला बाजार गाठायची घाई झाली होती. बसमध्ये माणसं मोजायचं काम माझ्याकडं होतं. एक कमी भरला. खिडकीतून ते मला पायरीवर दिसतही होते. मी गाईडला म्हणालो, "सगळे आले."

संध्याकाळी हॉटेलात खोल्यांच्या किल्ल्या वाटताना एक उरली. परत गेलो, तर ते त्याच पायरीवर, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. उठले, हात जोडले.

"माझ्यामुळं तुमा सगळ्यांचा लई खोळंबा झाला. चुकलं माझं."

सगळे त्यांना बोलले. मीही बोललो.

आता देवळात गेलो की मला पायरीवर टेकवत नाही. वडगाव काही लांब नाही. माफी मी मागायची होती. ती अजून मागितलेली नाही.