फक्त पाणी

लेंटमध्ये माझं वजन वाढतं. डॉक्टरांना हे काही केल्या पटत नाही. उपवासाचे चाळीस दिवस आणि साखर वर कशी, असं ते दरवर्षी विचारतात. त्यांना आमच्या शिरूरच्या चर्चमधल्या मंडळीची घरप्रार्थना माहीत नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी जमायचं. दोन गीतं, वाचन, संदेश, प्रार्थना, आणि मग खाणं. एकीने इडली केली की दुसरी दहीवडे करते, तिसरी दोन्ही करते आणि वर गुलाबजाम. दिवसभर उपाशी राहिलेली माणसं तासाभरात सगळी कसर भरून काढतात, मीही काढते.

माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. तिथे लेंटची प्रार्थना झाली की कोरा चहा मिळायचा, तोही कान तुटलेल्या कपातून. पण कॉलनीत कोण कुणाकडे खातं याकडे कुणाचं लक्ष नसायचं. ड्यूटीवरून दमून आलेला माणूस जे दार उघडं दिसेल तिथे जेवायचा. लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा कळलं की नुसता चहा पुरत नाही, आणि कुणाच्या घरी खायचं हेही आधीच ठरलेलं असतं.

आम्ही सगळे चार-पाच पिढ्यांचे ख्रिस्ती. जात मागे टाकून आलो, असं आम्ही चर्चमध्ये हात जोडून म्हणतो. मात्र कुणाचे पूर्वज कुठल्या वस्तीतून आले, हे सोयरीक जमवताना आम्हाला बरोब्बर आठवतं. कारेगावला राहणारं आमच्या मंडळीतलं एक कुटुंब आमच्याही खालच्या पायरीवरचं मानलेलं. त्यातली बाई कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते, नवरा ठेकेदारामार्फत साफसफाई करतो. घरप्रार्थना एकदा आमच्याकडे ठेवा, असं ती तीन वर्षं सांगत होती. कारेगाव लांब पडतं, असं उत्तर तिला मिळायचं. लग्नाचा बस्ता बांधायला पुण्याला जाताना तेच कारेगाव कुणाला लांब पडत नाही, वाटेतच तर लागतं.

यंदा चर्चला नवे पाळकसाहेब आले. वयाने माझ्या मुलाएवढे. मंडळीचं नवीकरण झालं पाहिजे, असं ते सारखं म्हणतात. नवीकरण म्हटलं की आमच्या कमिटीला रंगकाम आठवतं, त्यामुळे कुणी विरोध केला नाही. पाळकसाहेबांनी कारेगावचं घर चौथ्या आठवड्यात घातलं. तेव्हा मात्र कुजबुज सुरू झाली.

त्या आठवड्याच्या रविवारी त्यांनी उपदेशाला उपवासाचाच विषय घेतला. भुकेल्याला वाटा दिला नाही तर उपाशी राहून उपयोग काय, असं त्यांनी विचारलं आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या. त्यानंतर कमिटीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी सुचवलं की घरप्रार्थनेतलं खाणं बंद करू, फक्त पाणी ठेवू. गरिबाच्या घरी बोजा नको. पाळकसाहेबांना ते एकदम पटलं. त्यांच्या मनात दया होती, काहींच्या मनात सोय होती, आणि दोन्हींना एकच ठराव पुरला. मीही हात वर केला. साखरेच्या दृष्टीने बरंच होतं.

ती बाई त्या रविवारी शिफ्टला होती. तिला कोणीतरी कळवेल, असं प्रत्येकाला वाटलं.

कारेगावला आम्ही जीपने गेलो. पत्र्याच्या खोल्यांची लांब ओळ, त्यातली तिची एक खोली. दारात शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सतरंज्या अंथरलेल्या होत्या. आत शिरतानाच मसालेभाताचा वास आला. गॅसजवळ झाकलेलं मोठं पातेलं, उसळीचं दुसरं, आणि शिऱ्याची कढई. कपाटावर घासून लख्ख केलेल्या ताटल्यांची चळत. ती नवी साडी नेसून उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला पुढे बसा म्हणत होती. मी त्या पातेल्याकडे पाहिलं. तिला कुणीच काही कळवलं नव्हतं.

संदेशात काय होतं ते मला आठवत नाही. सगळ्यांचं लक्ष पातेल्याकडे होतं आणि कुणी तिकडे बघत नव्हतं. आशीर्वाद झाला. ती ताटल्या उचलायला वळली, तेव्हा पाळकसाहेबांनी चाचरत सांगितलं की यंदा आपण ठरवलंय, खाणं नाही, फक्त पाणी.

तिने ताटल्यांची चळत उचलून हातात घेतली. मग म्हणाली, "साहेब, उपवास माझ्याच घरापासनं सुरू झाला व्हय?"

तुमच्यावर बोजा पडू नये म्हणून, असं ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"बोजा मी मागून घेतलाय. तीन वर्सं मागतीया," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती आमच्या हातांवर थांबली. "आन् पाणी तरी कुठं घेताय माझ्या घरचं?"

तेव्हा मी आजूबाजूला पाहिलं. प्रत्येकाजवळ घरून आणलेली पाण्याची बाटली होती. कुणाच्या हातात, कुणाच्या मांडीवर, कुणाच्या पिशवीत. कारेगावला टँकरचं पाणी, पोट बिघडेल, असं जीपमध्ये बोलणं झालं होतं. माझीही बाटली पर्समधून डोकावत होती. विटाळ होऊ नये म्हणून आमच्या पणजोबांच्या ओंजळीत ज्यांनी वरून पाणी ओतलं, त्यांचे आम्ही किती ठणकावून दाखले देतो. मला इतकी लाज वाटली की ती बाटली कुठे लपवू असं झालं.

कमिटीतले ते दोघे वडीलधारे बसची वेळ झाली म्हणून उठले. जीप दारात उभी होती तरीही. त्यांना कुणी अडवलं नाही.

पाळकसाहेब उठले, ओळीतून पुढे आले आणि तिच्या पायांशी, अगदी गॅसजवळ, मांडी घालून बसले. "ताई, मला वाढा. ठराव चुकला," एवढंच म्हणाले. तिने वाढलं, पण आधी माठातलं पाणी दिलं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि ते संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

मग आम्ही बसलो. भात जरा तिखट होता, पण शिरा फार चांगला झाला होता. मी दोनदा घेतला, डॉक्टर गेले उडत. ती प्रत्येकाच्या पुढ्यात वाकून आग्रह करत होती आणि नको म्हणणाऱ्याचं ऐकत नव्हती. तिचा नवरा बाहेर उभा राहून डोळे पुसत होता आणि धूर झाला म्हणत होता. गॅसचा कसला धूर?

निघताना मी चपला शोधत होते. शेजारीण सतरंज्या न्यायला आली होती, आणि ती बाई तिला आत काहीतरी दाखवत होती. ती स्वतः जेवली नव्हती, तिच्यापुरतं काही राहिलंच नव्हतं. तिने मोठं पातेलं दोन्ही हातांनी तिरकं धरून उजेडाकडे केलं होतं.

"बघ," ती म्हणाली, "काय उरलं न्हाई."